मतदार-यादीची ॲप्स: स्लिप चोख, धर्माचा रकाना टाकाऊ

निवडणुकीचे वारे सुटले की उमेदवारांच्या कार्यालयांत मतदार-यादीची ॲप्स विकणाऱ्यांची ये-जा सुरू होते. नावे वेगळी, पडद्यावरचे रंग वेगळे, आत माल जवळपास एकच. निवडणूक आयोगाची यादी फोनवर शोधता येईल अशी करून दिलेली, मतदार-स्लिप छापायचा छोटा प्रिंटर, मेसेज पाठवायची सोय, आणि विकणारा जरा आवाज खाली आणून दाखवतो तो ‘समाजनिहाय रिपोर्ट’. हे परीक्षण एका कंपनीचे नसून या सगळ्या जातकुळीचे आहे. पहिल्या तीन गोष्टींवर पैसे खर्च करायला हरकत नाही. चौथी फुकट मिळाली तरी घेऊ नये, आणि का घेऊ नये हे सांगण्यातच या लेखाचा बराचसा भाग जाणार आहे.

आधी यादी. आयोगाच्या पीडीएफमध्ये एका पानावर तीन रांगांत मिळून तीस चौकटी असतात. प्रत्येकीत मतदाराचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय, लिंग आणि तीन अक्षरे व सात आकडे असलेला ओळखपत्र क्रमांक. ही पाने चित्र म्हणून जाहीर होतात, मजकूर म्हणून नाही. शोधता येईल अशा स्वरूपात यादी मिळावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली फेटाळली. त्यामुळे प्रत्येक विक्रेता चित्रातून अक्षरे ओळखून घेतो आणि चुका तिथेच शिरतात. जोडाक्षरे फुटतात, रफार उडतो, ‘क्षीरसागर’ शोधावा तर सापडत नाही. वगळलेल्या मतदाराच्या चौकटीवर आडवा शिक्का असतो. तो अक्षरांवर आला की एक तर मयत माणूस जिवंत राहतो किंवा चौकटच गळते. पुरवणी यादी जोडलेली नसेल तर नव्याने अठरा पूर्ण केलेली मुले ॲपमध्ये दिसतच नाहीत.

तपासायला अर्धा तास पुरतो. यादीचा एक भाग घ्या. त्याच्या शेवटच्या पानावर मूळ नावे, वाढ, वगळणी आणि निव्वळ मतदारांचा गोषवारा असतो. ॲपमधला आकडा त्याच्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. दोन-चारचा फरक असेल तरी विक्रेत्याला पुन्हा काम करायला लावा, कारण गळालेली चौकट ज्याची असते तोच नेमका केंद्रावर येऊन भांडतो. मग जोडाक्षराची वीस नावे शोधून पाहा. महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषदेसाठी घेत असाल तर आणखी एक गोष्ट पाहा: राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी प्रभागानुसार फोडतो, पण अनुक्रमांक बदलतात. विधानसभेचा जुना डेटा नव्या नावाने माथी मारला असेल तर स्लिपवरचा क्रमांक चुकतो आणि मतदार दोन टेबलांमध्ये हेलपाटे घालत बसतो.

स्लिपचा भाग मात्र या ॲप्समध्ये खरोखर चांगला झाला आहे. ५८ मिलिमीटरच्या कागदाचा ब्लूटूथ प्रिंटर खिशात मावतो आणि नाव शोधून स्लिप हातात यायला काही सेकंद लागतात. स्वस्त प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरे नसतात, म्हणून चांगले ॲप स्लिपचे चित्र करून पाठवते. ते जरा हळू छापते, पण वाचता येते. ज्यांनी ही काळजी घेतलेली नाही त्यांच्या स्लिपवर नावाच्या जागी चौकोन उमटतात. प्रात्यक्षिक घेताना सलग पन्नास स्लिपा काढून बघा, बॅटरीचे खरे रूप तिथे कळते. एक दोष बहुतेकांत आहे: स्लिपवर उमेदवाराचा फोटो आणि चिन्ह आधीपासून टाकलेले असते. आचारसंहितेनुसार उमेदवाराने वाटलेली ओळख-स्लिप साध्या पांढऱ्या कागदावर हवी आणि तीवर चिन्ह, उमेदवाराचे नाव किंवा पक्षाचे नाव असता कामा नये. सेटिंगमध्ये हे बंद करता येत नसेल तर ते ॲप घेऊ नका.

आता तो रकाना.

मतदार नोंदणीचा नमुना ६ भरताना धर्म विचारत नाहीत. यादीत धर्म छापत नाहीत. उमेदवाराच्या नमुना २६ मधल्या शपथपत्रातसुद्धा गुन्हे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण विचारतात, धर्म नाही. शपथही ईश्वरस्मरणाने घ्यायची की गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे. आधार कायद्याने तर धर्म आणि जात ही माहिती गोळा करायचीच नाही असे व्याख्येतच लिहून टाकले आहे. जनगणनेत धर्म विचारतात, पण १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे एकेका माणसाची नोंद कुणालाही पाहता येत नाही. बाहेर येतात ते बेरजेचे आकडे. म्हणजे आपल्या व्यवस्थेने धर्माच्या नोंदीभोवती इतकी कुंपणे घातली आहेत, आणि एक ॲप आडनावाच्या कोशावरून प्रत्येक नावासमोर धर्म लिहून मोकळे होते.

ही नोंद दोन वाटांनी येते. पहिली वाट आडनावाची, आणि महाराष्ट्रात ती किती डळमळीत आहे हे गावात राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. पाटील, देशमुख, इनामदार ही मुळात वतनाची नावे. ती मराठ्यांत आहेत, ब्राह्मणांत आहेत, मुसलमानांत आहेत. कोल्हापूर-सांगलीकडे पाटील जैनही असतात. गायकवाड म्हटले तर बडोद्याचे राजघराणे, बौद्ध कुटुंबे आणि नगर-जालन्याकडचे मराठी ख्रिस्ती, सगळेच. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा घेतलेल्यांनी धर्म बदलला, आडनावे सहसा तीच राहिली. पेणकर हे आडनाव कोकणातल्या बेने इस्रायली म्हणजे मराठी ज्यू घरातलेही असू शकते. ‘शहा’ आणि ‘शाह’ मध्ये कोश फरक करतो खरा, पण अक्षरओळखीत काना एक अक्षर मागे सरकला की गुजराती जैन कुटुंब मुसलमान होते. पहिल्या नावावर भिस्त ठेवावी तर पिराच्या नवसाने झालेल्या मुलांची पिराजी, फकिरा अशी नावे हिंदू घरांत सर्रास होती. खुद्द शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी यांची नावे नगरच्या शाह शरीफ पिरावरून ठेवली अशी परंपरा आहे. कोशाने त्यांना कुठल्या रकान्यात टाकले असते, ते विक्रेत्याला विचारून पाहण्यासारखे आहे.

विवाहित स्त्रियांचा धर्म ॲप नवऱ्याच्या आडनावावरून धरते. आंतरधर्मीय लग्नात तिने स्वतःचा धर्म ठेवला असला तरी. नास्तिकांसाठी पर्याय नसतो. शिवाय आडनावाने फार तर समाज सुचतो, श्रद्धा नाही. दर्ग्यावर चादर चढवणारा हिंदू आणि घरात कधी पूजा न करणारा हिंदू यांना एकच खूण मिळते.

कोश जिथे अडतो तिथे ॲप वस्तीचा आधार घेते: घर क्रमांक आणि मोहल्ल्याच्या किंवा नगराच्या नावावरून सगळ्या गल्लीला एकच शिक्का. मग त्या गल्लीतल्या भाडेकरूंचे काय व्हायचे ते होते.

विक्रेता ‘नव्वद टक्के अचूक’ असे काहीतरी सांगतो. ते मानायची गरज नाही, तपासताही येते, पण तपासण्यातच मेख आहे. आकडा पडताळायचा तर शंभर घरी जाऊन धर्म विचारावा लागेल, आणि तसे विचारत फिरणाऱ्या उमेदवाराचे दुसऱ्या दिवशी गावात काय होईल ते सांगायला नको. म्हणजे हा असा माल आहे की ज्याचा दर्जा ग्राहकाला सभ्यपणे तपासताच येत नाही.

दुसरी वाट कार्यकर्त्याची. दारात उभा राहून तो फोनवर खुणा करतो: अनुकूल असेल तर हिरवा, विरोधी असेल तर लाल, कुंपणावर असेल तर पिवळा. त्याच पडद्यावर ‘समाज’ हा रकाना असतो आणि तो भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही अशी काही ॲप्स बांधलेली आहेत. ही सक्ती सगळ्यात घातक. कार्यकर्ता घाईत असतो, जे सुचेल ते दाबतो, आणि दारावरच्या तोरणावरून किंवा भिंतीवरच्या तसबिरीवरून केलेला तो तर्क आता ‘सर्वेक्षण’ या नावाने साठवला जातो. कोशाची चूक निदान सगळीकडे सारखी असते, ही चूक ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे बदलते.

आणि समजा, सगळे अचूक निघाले. मग ते जास्त वाईट. घर क्रमांक, नाव, फोन आणि धर्म अशी एका ओळीत बसलेली यादी निवडणुकीखेरीज आणखी कशाला वापरली जाते हे मुंबईला वेगळे सांगायला नको. जानेवारी १९९३ च्या दंगलीतले हल्ले दुकानांच्या आणि मतदारांच्या याद्या हातात घेऊन झाले, असे न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात नोंदवलेले आहे. तेव्हा कागदाच्या यादीतून नावे हुडकावी लागत होती. आता एक फिल्टर दाबला की पुरते, आणि तो फिल्टर चाळीस कार्यकर्त्यांच्या खिशात असतो.

बूथचे गणितही लक्षात घ्या. एका केंद्रावर साधारण हजार-बाराशे मतदार असतात आणि विधानसभा-लोकसभेचा केंद्रनिहाय निकाल नमुना २० मध्ये जाहीर होतो. मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजण्याआधी मिसळायची सोय नियम ५९अ मध्ये होती. यंत्रे आल्यावर तीच सोय देणारे टोटलायझर आयोगाने २००८ साली सुचवले, विधी आयोगाने मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला, ते आले मात्र नाही. या निकालावर ॲप जेव्हा धर्माचा रकाना चढवते, तेव्हा कुठल्या वस्तीने मत दिले नाही हे निवडून आलेल्याला कळते. निदान कळले असे वाटते. मग रस्ता, पाणी, गटार यांचे काय होते हे वेगळे सांगायला नको.

मेसेजची सोय विकताना हाच रकाना पुढे केला जातो: ईदला यांना, दिवाळीला त्यांना. नुसती शुभेच्छा म्हणजे धर्माच्या नावावर मत मागणे नव्हे. घसरण पुढच्या ओळीत होते, जिथे तयार नमुन्यात ‘आपल्या माणसाला साथ द्या’ असे लिहिलेले असते. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३(३) प्रमाणे उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या कुणी धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारावर मत द्या किंवा देऊ नका असे आवाहन करणे हे ‘भ्रष्ट आचरण’ आहे. २ जानेवारी २०१७ ला अभिराम सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन असा निर्णय दिला की यातला धर्म फक्त उमेदवाराचा धरायचा नाही, मतदाराचाही धरायचा. नेमका मतदाराच्या धर्मावर बेतलेला मेसेज म्हणजे या ॲपचा मुख्य विक्रीमुद्दा! शिवाय जुन्या कलमातला ‘पद्धतशीर’ हा शब्द १९६१ च्या दुरुस्तीत गेला, त्यामुळे एकच आवाहनही पुरते. कलम १२३(२) मध्ये दैवी कोपाची भीती घालणेही येते, तेव्हा बेल-भंडारा उचलायला लावून घेतलेला शब्द ॲपमध्ये ‘पक्का’ म्हणून नोंदवताना आपण काय लिहून ठेवतो आहोत याचा विचार करा.

हे कागदी भय नाही. विलेपार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक धर्माच्या आवाहनावरून मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ साली रद्द केली आणि डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथून निवडून आलेले डॉ. रमेश प्रभू यांचे अपील फेटाळले. त्या वेळी पुरावा होता भाषणांचा. आज निकालानंतर ४५ दिवसांत निवडणूक याचिका झाली तर कुठला मजकूर, कुठल्या फिल्टरने, कुणाला, किती वाजता गेला याची नोंद तुमच्याच पैशाने विक्रेत्याच्या सर्व्हरवर तयार असते. स्थानिक संस्थांना वेगळे कायदे लागू होतात, पण म्हणून तिथे रान मोकळे आहे असे समजू नका.

जाहिरातींचेही एक. मेटाने धर्म आणि राजकीय मतावर बेतलेले जाहिरातीचे पर्याय १९ जानेवारी २०२२ पासून काढायला घेतले. गुगलवर निवडणुकीची जाहिरात वय, लिंग, ठिकाण आणि पानावरचा विषय एवढ्यावरच बेतता येते. तेव्हापासून ॲपवाले मागची वाट दाखवतात: धर्माच्या फिल्टरने फोन नंबरांची यादी काढा आणि तीच जाहिरात-व्यवस्थेत चढवा. आकडे चुकीचे, लोकांची संमती नाही, आणि जो पर्याय कंपनीने मुद्दाम बंद केला तो चोरवाटेने उघडायचा. यात कुणाचे भले होते? विक्रेत्याचे.

फोन नंबरांबद्दल थोडक्यात. यादीत नंबर नसतात, तरी ॲपमध्ये असतात. ‘कुठून आणले?’ या प्रश्नाला ‘डेटाबेस आहे आमचा’ यापलीकडे उत्तर येत नसेल तर तो भाग कोरा ठेवून घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून, कायद्याने जाहीर करावी लागणारी माहिती वगळलेली आहे, त्यामुळे यादी वापरणे ठीक. पण नंबर यादीतला नाही, आणि धर्माचा तर्क तर कुणीच जाहीर केलेला नाही. या कायद्यात धर्मासारख्या माहितीसाठी वेगळा, कडक वर्ग नाही. युरोपच्या जीडीपीआर या डेटा-कायद्यात कलम ९ खाली धर्मश्रद्धा आणि राजकीय मत दोन्हींना तो आहे. आपल्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. उमेदवाराचा विधानसभेचा सगळा खर्च ४० लाखांत बसवायचा असतो, एवढे सांगितले की प्रमाण कळते.

सुरक्षेत ही ॲप्स सरसकट कच्ची आहेत. सगळ्या बूथप्रमुखांना एकच लॉगिन आणि पासवर्ड म्हणजे मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे. एक्सेलचे बटण प्रत्येकाला. कार्यकर्ता आज इकडे आहे, उद्या तिकडे असेल, आणि महाराष्ट्रात ‘उद्या’ फार लवकर येतो. जाताना तो यादी घेऊनच जातो. म्हणून घेण्याआधी विक्रेत्यासमोर बसून चार गोष्टी करून पाहा. एका कार्यकर्त्याचे खाते बंद करा आणि त्याच्या फोनवरचा उतरवलेला डेटा पुसला जातो का ते विमान मोडवर बघा. बहुतेकदा जात नाही. एका बूथच्या माणसाला दुसऱ्या बूथची नावे दिसतात का पाहा. डेटा बाहेर काढायचे बटण फक्त मुख्य खात्याला ठेवता येते का ते बघा. आणि ‘समाज’ किंवा ‘धर्म’ हा रकाना लपवायला नव्हे, काढून टाकायला सांगा. लपवलेला रकाना एक्सेलमध्ये बाहेर येतो. काढल्यावर एक्सेल उतरवून रकाने मोजा.

‘काढता येत नाही, सॉफ्टवेअरमध्येच आहे’ असे उत्तर आले तर ते तांत्रिक कारण नाही. तोच डेटा पुढच्या उमेदवाराला विकायचा असतो.

तुम्ही मतदार असाल आणि कुणी दारात फोन घेऊन उभे राहिले तर स्लिपसाठी नावाखेरीज काही सांगावे लागत नाही. नंबर मागितला तर ‘नको’ म्हणता येते. केंद्र आणि अनुक्रमांक आयोगाच्या संकेतस्थळावरही मिळतो.

खरेदीच्या पत्रावर लिहून घ्यायचे ते असे: कुठल्या तारखेची यादी आणि पुरवणी, गोषवाऱ्याशी जुळणारा आकडा, कोऱ्या स्लिपचा नमुना, धर्म-जात रकाना नसल्याची लेखी हमी, आणि पाठवलेल्या प्रत्येक मेसेजच्या मजकुराची प्रत उमेदवाराकडे. मोठ्या संख्येने जाणाऱ्या एसएमएसचा मजकूर आधी प्रमाणित करून घ्यावा लागतो, त्यामुळे ही प्रत नाहीतरी लागतेच. बिल उमेदवाराच्या नावाने घ्या. विधानसभा-लोकसभेचा खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत द्यायचा असतो आणि ॲपचे पैसे त्यात दाखवावे लागतात. नंबर आणि हिरव्या-लाल खुणा पुसायची तारीख याचिकेची ४५ दिवसांची मुदत संपल्यानंतरची टाका. याचिका झालीच तर निकाल लागेपर्यंत कशालाही हात लावू नका.